निकोटिन मेंदूला नक्की काय शिकवतं? (रिसेप्टर, एकाग्रता, स्मरणशक्ती)

चेतासंधी

नमस्कार मंडळी,

मी औषधशास्त्र शिकवते. निकोटिनचा तास झाला की वर्ग सुटल्यावर हमखास कुणीतरी मागे रेंगाळतं आणि हळूच विचारतं, "मॅडम, सिगारेट वाईट हे कळलं, पण निकोटिननं लक्ष चांगलं लागतं हे खरं ना?" 'हो' म्हटलं तरी उत्तर अर्धवट राहतं आणि 'नाही' म्हटलं तरी. म्हणून इथे सविस्तर लिहिते. माझं म्हणणं आधीच सांगते: निकोटिन शिकण्याच्या आणि लक्षात ठेवण्याच्या यंत्रणेतच हात घालतं, यात शंका नाही. पण रोज घेणाऱ्या माणसाच्या मेंदूत ती यंत्रणा सगळ्यात पक्की जी गोष्ट लक्षात ठेवते, ती म्हणजे निकोटिन घेणं.

सुरुवात ॲसिटिलकोलीनपासून. हे मेंदूचं स्वतःचं रसायन. एका चेतापेशीतून सुटतं, समोरच्या पेशीवरच्या रिसेप्टरला (संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं, काम करतं, आणि तिथलंच एक एन्झाइम काही मिलिसेकंदांत त्याचे तुकडे करतं. एखाद्या गोष्टीकडे टक लावून पाहणं, गोंगाटातून एकच आवाज वेगळा काढणं, नवीन जागा ओळखून ठेवणं, या सगळ्यांत ॲसिटिलकोलीन लागतं.

त्याच्या रिसेप्टरचे दोन मोठे गट आहेत. निकोटिनला दाद देणारे 'निकोटिनिक' आणि मस्करीन नावाच्या अळंबीतल्या विषाला दाद देणारे 'मस्करिनिक'. ही विभागणी हेन्री डेल यांनी १९१४ साली केली. पण मला त्याहून आवडते ती त्याआधीची गोष्ट. १९०५ साली केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ लँगली कोंबडीच्या स्नायूवर निकोटिन टाकून पाहत होते. स्नायू आखडायचा. त्यावर क्युरारे हे स्नायू लुळे पाडणारं विष टाकलं की सैल पडायचा. स्नायूकडे जाणारी नस कापून ती पूर्ण मरेपर्यंत वाट पाहिली, तरी निकोटिननं स्नायू आखडायचाच. म्हणजे निकोटिन नसेवर काम करत नव्हतं, स्नायूतच काहीतरी होतं जे त्याला 'ग्रहण' करत होतं. आज आपण रिसेप्टर म्हणतो ती कल्पना उभी राहिली त्यात निकोटिनचा असा मोठा वाटा आहे.

निकोटिनिक रिसेप्टर म्हणजे पेशीच्या आवरणात रोवलेली पाच प्रथिनं, गोल करून उभी, मध्ये एक छिद्र. ॲसिटिलकोलीन चिकटलं की छिद्र उघडतं, सोडियम आणि थोडं कॅल्शियम आत शिरतं, पेशी उद्दीपित होते. ती पाच प्रथिनं वेगवेगळ्या जोड्यांनी येतात. मेंदूत सगळ्यात जास्त आढळतो तो अल्फा-४ बीटा-२ प्रकार. निकोटिनला तो अतिशय संवेदनशील असतो. दुसरा महत्त्वाचा अल्फा-७. याला निकोटिन जास्त लागतं, पण उघडला की कॅल्शियम भरपूर आत सोडतो. हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे नव्या आठवणी जिथे बांधल्या जातात तिथे, हा खूप असतो, आणि कॅल्शियम आत येणं ही चेतासंधी, म्हणजे दोन चेतापेशींमधला सांधा, बळकट होण्याची पहिली पायरी आहे.

आता निकोटिन. धूर ओढल्यावर दहा ते वीस सेकंदांत ते मेंदूत पोचतं. ॲसिटिलकोलीनसारखंच रिसेप्टरला चिकटतं, फरक एवढाच की ते एन्झाइम त्याला तोडू शकत नाही. रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण दोन तास लागतात. जे काम मिलिसेकंदांचं, तिथे हे पाहुणं तासन् तास बसून राहतं. मग रिसेप्टर काय करतो? आधी उघडतो, आणि नंतर निकोटिन चिकटलेलं असतानाच बंद होऊन बसतो. दार उघडून पाहुणा उंबऱ्यातच उभा राहिला म्हणून आतून कडी घालावी, तसं. याला डिसेन्सिटायझेशन म्हणतात. २००६ साली लॉस एंजेलिसमधल्या संशोधकांनी पेट (PET) स्कॅन, म्हणजे मेंदूतली रसायनं टिपणारी तपासणी, करून दाखवलं की एक-दोन झुरक्यांतच अल्फा-४ बीटा-२ रिसेप्टरपैकी निम्मे व्यापले जातात, आणि अख्खी सिगारेट ओढली की ८८ टक्क्यांहून जास्त. दिवसभर ओढणाऱ्याच्या मेंदूत हे रिसेप्टर बहुतेक वेळ भरलेले आणि बधिर असतात.

आणि इथे एक विलक्षण गोष्ट घडते. एरवी एखाद्या रिसेप्टरला सतत चालना मिळाली की पेशी त्यांची संख्या कमी करते. निकोटिनच्या बाबतीत उलटं होतं, संख्या वाढते. उंदरांत हे १९८३ मध्ये दिसलं, धूम्रपान करणाऱ्यांच्या शवविच्छेदनात १९८८ मध्ये. यासाठी नवीन जनुकं वगैरे चालू होत नाहीत. निकोटिन पेशीच्या आत शिरतं, अर्धवट जुळलेल्या प्रथिनांना पूर्ण जुळायला मदत करतं आणि जास्त रिसेप्टर पृष्ठभागावर पोचतात.

रात्री झोपेत निकोटिन उतरतं. हे वाढीव, बधिर झालेले रिसेप्टर सकाळी जागे होतात आणि रिकामे असतात. उठल्याउठल्या येणारी ती बेचैनी, कशातच मन न लागणं, आणि पहिल्या सिगारेटीनंतर 'आता डोकं चालायला लागलं' ही भावना, ती इथून येते. त्या माणसाला वाटतं निकोटिननं आपलं डोकं वर नेलं. बहुतांशी ते खाली गेलेलं डोकं जागेवर आलेलं असतं.

प्रश्न विचारा. जमेल तसं उत्तर देईन.

---

निशाचर

ताई, लेख आवडला. थेट विचारतो. मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय, सिगारेट कधीच ओढलेली नाही. अभ्यासिकेत काही जण निकोटिनची च्युइंगम चघळतात. म्हणतात धूर नाही, कॅन्सर नाही, फक्त फोकस. मी दोन-तीनदा घेतली. पहिल्यांदा मळमळलं, पण नंतर खरंच तास-दीड तास चांगला बसलो. तुम्ही म्हणता ते 'खाली गेलेलं जागेवर येणं' मला लागू होत नाही ना? मी तर कधी खाली गेलोच नव्हतो.

---

चेतासंधी

निशाचर, प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर मी टाळणार नाही. हो, न ओढणाऱ्या माणसालाही निकोटिनचा थोडा फायदा मोजता येतो. तुला जाणवला तो भास नसेल.

पण तो फायदा कशात होतो ते पाहा. मुख्यतः सावधपणात: पडद्यावर खूण दिसली की बटण दाबायला लागणारा वेळ, कंटाळवाण्या कामात चुका न होणं. अवघड प्रकरण समजणं, दोन संकल्पनांचा संबंध जोडणं, महिन्याभरानं आठवणं, यातलं काही त्याने सुधारतं असं म्हणायला आधार नाही. तुझ्या परीक्षेला यातलं काय लागतं ते तूच ठरव.

दुसरं, निकोटिनचा वक्र उलट्या 'यू' सारखा असतो. थोडं असेल तर मदत, जास्त झालं की हात थरथरतात, छाती धडधडते आणि लक्ष उडतं. ज्याचं लक्ष मुळातच चांगलं लागतं त्याच्यात तर थोड्यानेही कामगिरी खालावल्याची उदाहरणं आहेत.

आणि तिसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. 'मी खाली गेलो नव्हतो' हे आज खरं आहे. रोज घ्यायला लागलास तर रिसेप्टर वाढणं, बधिर होणं, सकाळी रिकामे राहणं हे सगळं धुराशिवायही होतं, कारण ते निकोटिनचं काम आहे. च्युइंगमची नशा धुराइतकी झपाट्यानं चढत नाही, म्हणून व्यसनाचा धोका कमी, पण शून्य नाही. ती बनवली आहे ती सिगारेट सोडणाऱ्यांसाठी. तू अजून बाहेर आहेस. बाहेरच राहा, असं मी तुला मनापासून सांगते.

---

शंकासूर

चेतासंधी, मांडणी उत्तम, पण तुम्ही फायद्याची बाजू जरा घाईनं आटोपलीत असं वाटलं. २०१० साली आलेल्या एका मोठ्या आढाव्यात ४१ प्रयोग एकत्र केले होते, सगळे दुहेरी अंध (कुणाला काय दिलंय हे देणाऱ्यालाही माहीत नाही आणि घेणाऱ्यालाही), प्लासिबोशी म्हणजे खोट्या औषधाशी तुलना केलेले. त्यात न ओढणारे तरी होते किंवा ओढणारे पण तलफ न आलेले, म्हणजे 'जागेवर येण्या'चा मुद्दा आधीच वगळलेला. तरीही सूक्ष्म हालचाली, सावधपणा, लक्ष वळवण्याचा वेग, अल्पकालीन प्रसंगस्मृतीची (नुकतंच पाहिलेलं-ऐकलेलं आठवण्याची) अचूकता आणि कार्यकारी स्मृतीचा (काम करताना माहिती डोक्यात धरून ठेवण्याचा) वेग, एवढ्या बाबतींत निकोटिनचा फायदा दिसला. म्हणजे स्मृतीतही दिसला.

शिवाय २०१२ चा प्रयोग: विसराळूपणा सुरू झालेले, पण स्मृतिभ्रंश न झालेले ७४ वृद्ध, सगळे न ओढणारे. सहा महिने रोज १५ मिलिग्रॅमचा निकोटिन पॅच, म्हणजे कातडीतून निकोटिन सोडणारी पट्टी. लक्ष आणि स्मृतीच्या चाचण्यांत सुधारणा. हे काही किरकोळ नाही. मला धूम्रपानाची वकिली करायची नाही, पण रेणू आणि सिगारेट यांना एकाच तराजूत घालू नये एवढंच म्हणणं.

---

चेतासंधी

शंकासूर, दोन्ही अभ्यास तुम्ही बरोबर सांगितलेत, आणि ते धाग्यावर आले हे चांगलंच झालं. दोन गोष्टी जोडते. पहिल्या आढाव्यातले परिणाम मुख्यतः एकदाच दिलेल्या निकोटिनचे आहेत आणि आकारानं लहान आहेत. रोज, महिनोन् महिने घेतल्यावर काय उरतं हा वेगळा प्रश्न. दुसऱ्या प्रयोगात चाचण्यांचे आकडे सुधारले, पण डॉक्टरांनी त्या माणसाकडे एकूण पाहून जे मत द्यायचं होतं त्यात ठळक फरक पडला नाही. त्या वृद्धांच्या मेंदूत ॲसिटिलकोलीनची यंत्रणाच कमजोर होत असते, तिथे बाहेरून टेकू दिल्यानं उपयोग होणं समजण्यासारखं आहे. पंचविशीतल्या निरोगी मेंदूला तो निष्कर्ष लावता येत नाही.

रेणू आणि सिगारेट वेगळे, हे मात्र शंभर टक्के मान्य. धुरात आणखी एक भानगड असते. १९९६ मध्ये पेट स्कॅनवर दिसलं की धूम्रपान करणाऱ्यांच्या मेंदूत मोनोअमाइन ऑक्सिडेज-बी हे एन्झाइम सुमारे ४० टक्के कमी असतं. हे एन्झाइम डोपामिन, म्हणजे 'हे पुन्हा हवं' असं वाटायला लावणारं मेंदूतलं रसायन, मोडतं. ते कमी झालं की डोपामिन जास्त टिकतं. हे निकोटिनमुळे नाही, धुरातल्या इतर घटकांमुळे होतं. सिगारेटचं व्यसन पॅचपेक्षा इतकं चिवट का, याचं हेही एक कारण असावं.

---

प्रयोगवही

मी काही वर्षं उंदरांच्या स्मृतीवर काम केलंय, म्हणून 'एकदा' आणि 'रोज' यांतला फरक कसा दिसतो ते सांगतो. वाचून कळण्यापेक्षा पाहिल्यावर जास्त पटतं, तेव्हा जमेल तेवढं डोळ्यांसमोर उभं करतो.

एक लहानशी पेटी, खाली सळ्यांची जाळी. उंदीर आत सोडायचा. तो कोपरे हुंगतो, मागच्या पायांवर उभा राहतो. दोनेक मिनिटांनी एक आवाज लागतो आणि त्याच्या शेवटी जाळीतून हलकासा झटका. मग त्याला परत पिंजऱ्यात ठेवायचं. दुसऱ्या दिवशी त्याच पेटीत, पण ना आवाज ना झटका. ज्याला आठवतं तो उंदीर थिजतो. श्वासानं बरगड्या हलतात तेवढ्याच, मिशासुद्धा स्थिर. आपण दर काही सेकंदांनी पाहून नोंद करायची: थिजलाय की हलतोय. थिजण्याचं प्रमाण म्हणजे त्या *जागेची* आठवण. जागेच्या आठवणीला हिप्पोकॅम्पस लागतो. नंतर वेगळ्याच पेटीत घालून नुसता तो आवाज ऐकवायचा. ही आवाजाची आठवण, तिला मुख्यतः अमिग्डला, म्हणजे मेंदूतला भीतीशी जोडलेला भाग, पुरतो.

आता निकोटिन. शिकवताना आणि तपासताना एकेक लहान डोस दिला, तर जागेची आठवण वाढते. आवाजाची तेवढीच राहते. म्हणजे परिणाम हिप्पोकॅम्पसवर आहे, नुसत्या घाबरटपणावर नाही. इथवर शंकासूर यांचं म्हणणं खरं.

पुढची पायरी: उंदराच्या कातडीखाली एक बारीक पंप बसवायचा, जो दिवसेंदिवस निकोटिन सोडत राहतो. मग तोच प्रयोग. फायदा गायब. निकोटिन मिळणारा उंदीर आणि मिठाचं पाणी मिळणारा उंदीर यांच्यात फरक दिसत नाही. आणि मग पंप काढायचा, एक दिवस जाऊ द्यायचा आणि नवी पेटी शिकवायची. आता हा उंदीर साध्या उंदराच्याही मागे पडतो. जागा लक्षात राहत नाही. आवाज मात्र व्यवस्थित लक्षात राहतो.

हे काम थॉमस गूल्ड यांच्या गटानं अनेक वर्षं पद्धतशीर केलं. ज्या उंदरांत बीटा-२ प्रथिनाचं जनुकच काढून टाकलंय, त्यांच्यात निकोटिन थांबवल्यावरची ही उणीव दिसतच नाही. आणि साध्या उंदरांत ती उणीव जितके दिवस टिकते, जवळपास तितकेच दिवस हिप्पोकॅम्पसमधले रिसेप्टर वाढलेले असतात. चेतासंधी यांनी लिहिलेली 'वाढीव, रिकामे रिसेप्टर' ही गोष्ट इथे वागण्यात उतरलेली दिसते.

आणखी एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. मोठ्या जातीच्या उंदरानं (रॅट) कळ दाबली की एक दिवा लागतो. नुसत्या दिव्यासाठी तो अधूनमधून दाबतो, विशेष नाही. आता त्याला निकोटिन द्यायला लागा. कळ दाबण्याशी त्याचा संबंधही ठेवू नका, आपलं आपण चालू. तो दिव्यासाठी कितीतरी जास्त वेळा कळ दाबायला लागतो. निकोटिन आजूबाजूच्या साध्यासुध्या गोष्टींना मोल चढवतं. माणसात तो दिवा म्हणजे काडी ओढल्याचा आवाज, जेवणानंतरचा क्षण, मित्राचं 'चल जरा बाहेर'. निकोटिन शरीरातून दोन-चार दिवसांत जातं, पण शिकलेलं राहतं.

---

नवा_श्वास

प्रयोगवही, तुमचा पंप काढलेला उंदीर वाचून डोळ्यांत पाणी आलं. तो उंदीर सध्या मी आहे.

बरीच वर्षं ओढत होते, सोडून अजून महिना झालेला नाही. माझं काम मुद्रितशोधनाचं. आधी एका नजरेत ऱ्हस्व-दीर्घ दिसायचं. आता तेच पान तीनदा वाचते आणि चौथ्यांदा त्यात चूक सापडते. वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरते. तलफ सहन होते हो, पण हे सहन होत नाही, कारण यावर माझं पोट आहे. सारखं वाटतं, मेंदूला कायमचं काही झालंय का? आणि एक ओढली तर निदान हे पुस्तक तरी हातावेगळं होईल.

---

औदुंबर

नवा_श्वास, ताई, ओढू नका. मी या वाटेनं गेलोय, म्हणून हक्कानं सांगतो. माझं काम हिशेबाचं, तेव्हा आकडे डोळ्यांसमोर नाचायचे. ते गेलं. कधी गेलं ते कळलंही नाही, एक दिवस लक्षात आलं की दुपारभर बसून काम झालं आणि मध्ये उठावंसं वाटलं नाही.

मला कुणी सांगितलं नव्हतं ते तुम्हाला सांगतो: अवघड काम सकाळी आणि थोडं थोडं, मोठ्यानं वाचून. बोट ठेवून वाचायची लाज वाटू देऊ नका. आणि शक्य असेल तर प्रकाशकाकडे थोडी मुदत मागून घ्या.

---

चेतासंधी

औदुंबरदादांना पूर्ण दुजोरा.

नवा_श्वास, तुमच्या भीतीला आकड्यांनी उत्तर देते. लक्ष न लागणं हे निकोटिन सोडल्यावरचं मान्यताप्राप्त लक्षण आहे. ते पहिल्या आठवड्यात सगळ्यात तीव्र असतं आणि बहुतेकांचं दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. रिसेप्टरचं म्हणाल तर २००९ च्या एका स्कॅन-अभ्यासात, सोडल्यानंतर चौथ्या आठवड्यातही ते वाढलेलेच होते, पण सहा ते बारा आठवड्यांत न ओढणाऱ्यांच्या पातळीला आले. म्हणजे तुम्ही आत्ता अगदी मधल्या टप्प्यात आहात. रिसेप्टर परत जागेवर येतात. त्यांना वेळ द्यावा लागतो.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. सिगारेटच्या धुरामुळे यकृतातलं एक एन्झाइम जोरात चालतं आणि ते कॅफिन भराभर मोडतं. धूम्रपान थांबलं की ते मंदावतं आणि तेवढीच कॉफी घेतली तरी रक्तात कॅफिन जवळपास दुप्पट राहू शकतं. छातीत धडधड, झोप न लागणं, हात थरथरणं, यातलं बरंचसं आपण 'तलफ' म्हणून खपवतो, ते कॅफिन असू शकतं. चहा-कॉफी निम्मी करून बघा. झोप सुधारली की पानंही सुधारतील. याच एन्झाइममधून जाणारी काही औषधं आहेत, उदाहरणार्थ थिओफिलिन किंवा क्लोझापिन. कुणी ती घेत असेल तर सिगारेट सोडताना डॉक्टरांना सांगणं अत्यावश्यक आहे, डोस बदलावा लागतो.

---

शब्दवेडी

माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. त्याच्या दप्तरात व्हेप (ई-सिगारेट) सापडला. तो म्हणतो, "आई, यात तंबाखू नाही." मोठ्यांचा मेंदू परत जागेवर येतो हे वाचून बरं वाटलं. मुलांचंही तसंच असतं का?

---

प्रयोगवही

शब्दवेडी, तंबाखू नसेल, पण निकोटिन असेल तर रिसेप्टरच्या दृष्टीनं तेच. बाटलीवर निकोटिनचं प्रमाण लिहिलेलं असतं का ते आधी बघा.

'तसंच असतं का' याचं उत्तर दुर्दैवानं 'नाही' असं आहे. कपाळामागचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, पंचविशीपर्यंत घडत असतो. कोणत्या चेतासंधी ठेवायच्या आणि कोणत्या छाटायच्या हे त्या वयात ठरतं, आणि त्या घडणीत ॲसिटिलकोलीन गुंतलेलं असतं. उंदरांना पौगंडावस्थेत काही दिवस निकोटिन देऊन थांबवलं आणि मोठं झाल्यावर तपासलं, तर त्यांचं लक्ष कमी टिकतं आणि ते उतावळेपणा जास्त करतात. तेवढंच निकोटिन प्रौढ उंदरांना देऊन तितकाच काळ थांबलं, तर हे दिसत नाही. त्याच भागातला ग्लुटामेट या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाचा एक विशिष्ट रिसेप्टर त्यांच्यात कमी झालेला आढळला, आणि त्याला औषधानं चालना दिल्यावर लक्ष सुधारलं, म्हणजे कारणापर्यंतही बरंच जाता आलं.

माणसांत असा प्रयोग करता येत नाही. लवकर ओढायला लागणारी मुलं आधीपासूनच वेगळी असू शकतात, तेव्हा सगळा दोष निकोटिनला देता येत नाही. पण धोका पत्करावा असं यात काहीही नाही. त्याच्यावर ओरडू नका. किती वेळा घेतो, सकाळी उठल्यावर किती वेळात लागतो, हे शांतपणे विचारा. उठल्याबरोबर लागत असेल तर अवलंबित्व बरंच पुढे गेलंय असं समजून डॉक्टरांकडे न्या.

---

शब्दवेडी

उठल्याबरोबर नाही म्हणाला. शाळा सुटल्यावर, मित्रांसोबत. आज तासभर बोललो आम्ही, न भांडता. धन्यवाद.

---

शंकासूर

एक राहिलंच. अल्झायमर आणि पार्किन्सन धूम्रपान करणाऱ्यांत कमी होतात असं वाचलं होतं. त्याचं काय?

---

चेतासंधी

दोन आजार वेगळे घ्यावे लागतील.

अल्झायमरमध्ये ॲसिटिलकोलीन बनवणाऱ्या पेशी मरतात आणि निकोटिनिक रिसेप्टरही कमी होतात, त्यामुळे 'निकोटिन वाचवत असेल' ही कल्पना सुचणं स्वाभाविक होतं. जुन्या काही अभ्यासांत तसं दिसलंही. पण ते अभ्यास आधीच आजारी असलेल्यांना गाठून केलेले होते. जे ओढणारे त्या वयापर्यंत जगलेच नाहीत ते मोजणीत आले नाहीत. शिवाय २०१० मध्ये कुणीतरी हे सगळे अभ्यास लावून पाहिले, तेव्हा लेखकांचे तंबाखू कंपन्यांशी संबंध होते अशा अभ्यासांत धोका कमी दिसत होता आणि बाकीच्यांत वाढलेला. हे वाचून मला तेव्हा संताप आला होता, आजही येतो. मध्यम वयातल्या लोकांची नोंद ठेवून पुढे वीसेक वर्षांनी पाहिलं तेव्हा दिवसाला दोन पाकिटांहून जास्त ओढणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका दुपटीहून अधिक निघाला. रक्तवाहिन्यांची जी वाट लागते ती मेंदूलाही भोगावी लागते.

पार्किन्सनचं चित्र वेगळं आहे. ओढणाऱ्यांत तो कमी आढळतो ही नोंद पुन्हा पुन्हा मिळाली आहे. पण नुकताच आजार जडलेल्यांना वर्षभर निकोटिन पॅच देऊन पाहिला, तेव्हा आजाराचा वेग कमी झाला नाही. ही नोंद निकोटिनमुळे आहे की ज्यांना पार्किन्सन होणार असतो त्यांना सिगारेट सोडणं मुळातच सोपं जातं म्हणून, यावर वाद चालू आहे.

अल्फा-७ ला चेतवणारी नवी औषधं स्मृतीसाठी करून पाहिली गेली. सुरुवातीला आशा दिसली आणि मोठ्या चाचण्यांत ती टिकली नाही. रिसेप्टरला सतत डिवचत राहणं म्हणजे त्याला वेळेवर, क्षणभर हाक मारणं नव्हे. ॲसिटिलकोलीन ते दुसरं काम करतं, बाहेरून दिलेलं औषध बहुधा पहिलं.

---

औदुंबर

एक कुतूहल. माझ्या धाकट्या भावानं एका दिवसात सोडली, मागे वळून पाहिलं नाही. मला अनेक वर्षं लागली. इच्छाशक्ती त्याची माझ्यापेक्षा मोठी असं काही नाही.

---

प्रयोगवही

दादा, इच्छाशक्तीला यात उगाच ओढतात. निकोटिन मोडणारं यकृतातलं एन्झाइम काहींत मंद असतं, काहींत वेगवान. वेगवान असलेल्याचं निकोटिन लवकर उतरतं, पुढची सिगारेट लवकर लागते. दुसरं, रिसेप्टरच्या अल्फा-५ या घटकाच्या जनुकात एका अक्षराचा फरक असतो. २००८ मध्ये एकाच वेळी अनेक गटांना तो जास्त ओढण्याशी आणि फुप्फुसाच्या कॅन्सरशी जोडलेला आढळला. मेंदूत हबेनुला नावाचा छोटा भाग आहे. निकोटिन जास्त झालं की 'आता पुरे' हा इशारा तिथून येतो. अल्फा-५ नसलेल्या उंदरांना तो इशारा नीट मिळत नाही, ते नकोशा मात्रेतही घेत राहतात. भावांमध्येही असे फरक असू शकतात.

---

नवा_श्वास

पुन्हा आले. कॉफी निम्मी केली, झोप खरंच सुधारली. पुस्तकाला मुदतही मिळाली. एकच विचारायचं होतं, औषध घेणं म्हणजे हार मानणं का? डॉक्टरांनी व्हरेनिक्लिन सुचवलंय, आणि मी घाबरतेय की एक सोडून दुसरं लागेल.

---

चेतासंधी

अजिबात नाही. व्हरेनिक्लिन त्याच अल्फा-४ बीटा-२ रिसेप्टरला चिकटतं, पण त्याला अर्धवटच चालवतं. तेवढ्यानं रिसेप्टर अगदी रिकामा राहत नाही, म्हणून तलफ आणि लक्षाची ओढाताण दोन्ही कमी होतात. आणि जागा आधीच धरलेली असल्यानं मध्येच एखादी सिगारेट ओढली तरी पूर्वीचं समाधान मिळत नाही. प्रयोगवहींच्या दिव्याचं मोल कमी होत जातं ते असं. ते बनवलं गेलं सायटिसिन या वनस्पतीजन्य रेणूवरून, जो बल्गेरियात १९६० च्या दशकापासून याच कामासाठी वापरात आहे. व्हरेनिक्लिनचं व्यसन लागत नाही.

मळमळ आणि विचित्र, स्पष्ट स्वप्नं हे नेहमीचे त्रास. गोळी जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घेतली की मळमळ कमी होते. मूत्रपिंडाचा त्रास, फिट किंवा मानसिक आजाराचा इतिहास असेल तर तो डॉक्टरांना आधी सांगा. साधारणपणे कोर्स बारा आठवड्यांचा असतो. म्हणजे रिसेप्टर जागेवर यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ हाताशी आधार राहतो. बरं वाटलं म्हणून मध्येच बंद करू नका.

---

निशाचर

ताई, च्युइंगमचं उरलेलं पाकीट अभ्यासिकेतल्या त्या मित्राला परत दिलं. तो सोडायचा प्रयत्न करतोय असं आता कळलं, त्याला ते खरंच लागतं. त्याला हा धागा पाठवलाय. तो रोज सकाळी उठल्याउठल्या पहिली ओढतो, त्याच्यासाठी पॅच बरा की च्युइंगम?

---

चेतासंधी

उठल्याबरोबर लागत असेल तर बहुधा दोन्ही एकत्र: पॅच दिवसभराची पातळी सांभाळतो आणि अचानक उसळलेल्या तलफेला च्युइंगम. दोन्ही मिळून घेणाऱ्यांना एकच घेणाऱ्यांपेक्षा यश जास्त येतं हे चांगलं सिद्ध झालेलं आहे. मात्रा तो दिवसाला किती ओढतो त्यावर ठरते, ती डॉक्टरांकडून घ्यायला सांग. आणि च्युइंगम साध्या गमसारखी सतत चावायची नसते. चव तिखट लागली की गालाच्या कोपऱ्यात दाबून ठेवायची, चव गेली की पुन्हा थोडी चावायची. तुला पहिल्यांदा मळमळलं ते बहुतेक भराभर चावून लाळ गिळल्यामुळे. त्याला हे आधीच सांग, नाहीतर पहिल्याच दिवशी वैतागून टाकून देईल.